टेस्ट मागण्याआधी वाट मोकळी करा

ओपन सोर्स प्रकल्प सांभाळणाऱ्या आणि अशा प्रकल्पांत पहिल्यांदाच कोड पाठवणाऱ्या वाचकांकडून दोन प्रश्न सतत येतात. प्रकल्प सांभाळणारे, म्हणजे मेंटेनर, विचारतात : "टेस्टशिवाय आलेली पुल रिक्वेस्ट घ्यावी की परत पाठवावी? टेस्ट मागितली की माणूस पुन्हा फिरकत नाही." कोड पाठवणारे विचारतात : "दोन ओळींचा तर बदल आहे, त्याला टेस्ट कशाला? आणि लिहायचीच तर कुठे, कशी?"

दोघांनाही एकच उत्तर आहे. टेस्ट मागायलाच हवी, पण मागण्याआधी ती लिहिणं सोपं करून ठेवायला हवं. समोरचा माणूस स्वतःचा वेळ फुकट देतो आहे. त्याच्याकडून आणखी काही हवं असेल, तर ते देण्याची सोय करणं हे मागणाऱ्याचं काम आहे. म्हणून या लेखाचा बराचसा भाग मेंटेनरसाठी आहे. पहिल्यांदाच कोड पाठवणाऱ्यांसाठी पुढे स्वतंत्र भाग आहे.

आग्रह का धरायचा

कोड पाठवणारा बहुतेक वेळा एका बदलापुरता येतो आणि जातो. त्याचा कोड मात्र वर्षानुवर्षं राहतो, आणि तो नेमका कशासाठी लिहिला होता हे सांगायला पुढे कोणी नसतं. सोबत टेस्ट असेल तर ती सांगते.

इंटरनेटवरचा संवाद सुरक्षित ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या प्रकल्पाचं उदाहरण पाहा. हार्टबीट नावाच्या सुविधेचा कोड बाहेरच्या योगदानातून आला, 2011च्या अखेरीस स्वीकारला गेला आणि मार्च 2012मध्ये 1.0.1 या आवृत्तीतून जगभर पोहोचला. आलेल्या संदेशात त्याची जी लांबी सांगितलेली असेल, तीच खरी धरून हा कोड उत्तर पाठवायचा. लांबी खोटी सांगितली, तर मेमरीतला एका वेळी 64 किलोबाइटपर्यंतचा भलताच मजकूर परत मिळायचा. 'हार्टब्लीड' या नावाने ही चूक एप्रिल 2014मध्ये जाहीर झाली. कोड वाचून तपासणाऱ्याच्या नजरेतून ती सुटली होती. खोटी लांबी पाठवून पाहणाऱ्या एका साध्या टेस्टने ती पहिल्याच दिवशी पकडली असती.

कोणत्या बदलाला कोणती टेस्ट?

सरसकट 'टेस्ट हवीच' असा नियम केला की लोक वैतागतात, आणि नियमच नसेल तर प्रत्येक वेळी वाद होतो. तेव्हा बदलाचा प्रकार पाहून आधीच ठरवून ठेवा.

- बगची दुरुस्ती : टेस्ट हवीच. दुरुस्तीआधी ती फेल व्हायला हवी आणि दुरुस्तीनंतर पास. जँगो हा प्रकल्प अशा दुरुस्तीसोबत नेमकी हीच अपेक्षा ठेवतो.
- नवी सुविधा : गिटच्या नियमावलीतली अपेक्षा इथे उपयोगी आहे. सुविधा जिथे चालायला हवी तिथे चालते, हे टेस्टने दाखवावं. जिथे चालू नये तिथे चालत नाही, हेही दाखवावं. दुसरा भाग बहुतेक जण विसरतात.
- वागणूक तीच ठेवून कोडची फेरमांडणी : नवी टेस्ट नको, जुन्या सगळ्या पास व्हाव्यात. त्या भागाला टेस्टच नसतील, तर आधी आजची वागणूक नोंदवणारी टेस्ट वेगळ्या कमिटमध्ये मागा.
- वेग वाढवणारा बदल : निकाल बदललेला नाही हे टेस्टने दाखवा. आधीचा आणि नंतरचा वेग पुल रिक्वेस्टच्या वर्णनात द्या. 'अमुक मिलिसेकंदांच्या आत' अशी टेस्ट लिहू नका. ती एका संगणकावर पास होते, दुसऱ्यावर फेल.
- माहितीपत्रकं, टिपा, भाषांतर : टेस्ट मागू नका.
- सुरक्षेची दुरुस्ती : टेस्ट हवी, पण जाहीर पुल रिक्वेस्टमध्ये नको. अशी टेस्ट म्हणजे हल्ला कसा करायचा याची कृतीच असते. मेंटेनरकडे खासगीत पाठवा. दुरुस्त आवृत्ती लोकांपर्यंत पोहोचल्यावर टेस्ट खुली करा.

ही यादी प्रकल्पात लिहून ठेवा. नियम सर्वांना सारखा आहे हे दिसलं, की टेस्ट मागणं कोणाला वैयक्तिक वाटत नाही.

मेंटेनरसाठी सहा पायऱ्या

1. एका कमांडमध्ये टेस्ट चालू द्या. नवा माणूस सर्वांत जास्त अडतो तो इथे. गिटमध्ये 'मेक टेस्ट' एवढं पुरतं. जँगोच्या टेस्ट कोणतीही वेगळी मांडणी न करता एसक्यूलाइटवर चालतात, त्यामुळे डेटाबेस सर्व्हर बसवायची गरज पडत नाही. तुमच्या प्रकल्पात टेस्ट चालवायला आधी तीन सेवा सुरू कराव्या लागत असतील, तर त्यांच्याशिवाय चालणाऱ्या टेस्टचा एक गट वेगळा काढा. एकाच फाइलच्या टेस्ट चालवायची कमांडही द्या. साध्या लॅपटॉपवर प्रत्येक छोट्या बदलासाठी अर्धा तास थांबायला कोणी तयार नसतं.

2. 'कॉन्ट्रिब्युटिंग' फाइलमध्ये चारच वाक्यं लिहा. गिटहब या फाइलचा दुवा पुल रिक्वेस्ट उघडताना आपोआप समोर आणतं. मजकूर असा असू शकतो :

"बग दुरुस्त करत असाल, तर दुरुस्तीआधी फेल आणि दुरुस्तीनंतर पास होणारी एक टेस्ट सोबत द्या. टेस्ट 'टेस्ट्स' या फोल्डरमध्ये, त्याच नावाच्या फाइलमध्ये लिहा. नमुना म्हणून अमुक फाइल पाहा. टेस्ट लिहिणं जमत नसेल, तर बदल पाठवा आणि तसं सांगा, आपण मिळून लिहू."

यातलं शेवटचं वाक्य गाळू नका. बिचकणारा माणूस त्याच वाक्यामुळे निघून न जाता टिकतो.

3. पुल रिक्वेस्टच्या साच्यात नेमका प्रश्न विचारा. 'टेस्ट लिहिली आहे का?' या चौकोनावर खूण करणं फार सोपं आहे. त्याऐवजी विचारा : 'हा बदल काढून टाकला, तर कोणती टेस्ट फेल होते?' याचं उत्तर देण्यासाठी टेस्ट लिहावीही लागते आणि चालवून पाहावीही लागते.

4. एक ओळ वाढवली की टेस्ट होईल, अशी मांडणी ठेवा. पायटेस्टमध्ये 'पॅरामेट्राइझ' वापरून, किंवा गो भाषेत तक्त्याच्या पद्धतीने, एकाच टेस्टला इनपुट आणि अपेक्षित उत्तर यांच्या अनेक जोड्या देता येतात. नव्या माणसाने त्या यादीत आपली एक जोडी वाढवायची, एवढंच काम उरतं. टेस्टची संख्या वाढवण्याचा याहून सोपा मार्ग नाही.

5. टेस्ट आपोआप चालू द्या आणि परवानगी वेळेत द्या. पुल रिक्वेस्ट आली की सीआयवर, म्हणजे आपोआप टेस्ट चालवणाऱ्या यंत्रणेवर, टेस्ट चालाव्यात. मात्र गिटहबवर सार्वजनिक प्रकल्पात पहिल्यांदाच कोड पाठवणाऱ्याच्या टेस्ट सहसा मेंटेनरने परवानगी दिल्याशिवाय चालत नाहीत. हे माहीत नसलेला नवा माणूस आपलंच काही चुकलं असं समजून दिवसेंदिवस वाट पाहत बसतो. सीआयच्या फाइल्समध्ये काही संशयास्पद बदललेलं नाही ना, एवढं पाहून परवानगी लगेच द्या.

6. बगच्या नोंदीतच फेल होणारी टेस्ट देऊन ठेवा. 'नवोदितांसाठी' अशी खूण केलेल्या कामांना हे फार उपयोगी पडतं. गिटच्या टेस्टमध्ये माहीत असलेली चूक 'टेस्ट एक्स्पेक्ट फेल्युअर' म्हणून नोंदवता येते, पायटेस्टमध्ये त्यासाठी 'एक्सफेल' आहे. टेस्ट प्रकल्पात आधीच असते, दुरुस्ती करणाऱ्याने ती पास करून दाखवायची. ज्यांना दुरुस्ती जमत नाही, त्यांच्याकडून फक्त अशी टेस्टही आनंदाने घ्या. बग पुन्हा घडवून दाखवणारी टेस्ट हे दुरुस्तीचं निम्मं काम आहे.

टेस्टशिवाय बदल आलाच, तर?

तुमच्यापुढे पाच पर्याय असतात.

- नेमकं बोट दाखवून मागा. 'प्लीज ॲड टेस्ट्स' एवढंच लिहू नका. असं लिहा : "दुरुस्ती योग्य दिशेने आहे, आभार. अमुक फाइलमधल्या तारखांच्या टेस्टखाली 29 फेब्रुवारीची एक टेस्ट वाढवाल का? अडलात तर विचारा." बहुतेक वेळा हा पहिला पर्याय पुरतो.
- अर्धी टेस्ट तुम्ही लिहून द्या. पुल रिक्वेस्टमध्ये मेंटेनरना बदल करू देण्याचा पर्याय चालू असेल, तर त्याच ब्रँचवर टेस्टचा सांगाडा घाला. अपेक्षित उत्तराची ओळ त्यांना भरू द्या.
- पूर्ण टेस्ट तुम्ही लिहून मर्ज करा. बदल महत्त्वाचा असेल आणि पाठवणाऱ्याकडे वेळ नसेल, तेव्हा हे करा. कमिटमध्ये त्याचं नाव मूळ लेखक म्हणून ठेवा आणि 'को-ऑथर्ड-बाय' या ओळीत तुमचं.
- खूण करून खुला ठेवा. जँगोच्या नोंदींवर 'नीड्स टेस्ट्स' अशी खूण असते. ती पाहून तिसराच कोणी टेस्ट लिहायला पुढे येऊ शकतो.
- बंद करा. विचारूनही उत्तर आलं नाही, तर कारण लिहून बंद करा आणि 'टेस्टसह पुन्हा उघडता येईल' असं सांगा. गप्प राहणं हा सर्वांत वाईट निर्णय. त्यातून पाठवणारा काही शिकत नाही आणि प्रकल्पाचं नाव खराब होतं.

कोणता पर्याय निवडायचा? बदल चुकला तर कोणाचं किती नुकसान होईल, हे आधी पाहा. पैसे, पासवर्ड किंवा साठवलेली माहिती यांच्याशी संबंध असेल, तर टेस्टशिवाय मर्ज करू नका, मग पाठवणारा कितीही जुना आणि विश्वासाचा असो. नुकसान किरकोळ असेल आणि माणूस नवा असेल, तर दुसरा किंवा तिसरा पर्याय घ्या. पहिल्या वेळी सोबत बसून लिहिलेली टेस्ट पाहिली, की दुसऱ्या वेळी बरेच जण आपण होऊन टेस्ट पाठवतात.

पहिल्यांदाच कोड पाठवत असाल, तर

1. काहीही बदलण्याआधी आहेत त्या टेस्ट चालवून पाहा. तेव्हाच एखादी फेल होत असेल, तर ती तुमची चूक नाही. तशी नोंद करा.
2. तुम्ही ज्या फंक्शनला हात लावणार आहात, त्याच्या टेस्ट शोधा. शेजारची टेस्ट वाचा आणि तिच्याच पद्धतीने तुमची लिहा. नवं फ्रेमवर्क आणू नका.
3. टेस्ट आधी लिहा आणि ती फेल होताना बघा. दुरुस्ती आधीच झाली असेल, तर 'गिट स्टॅश' वापरून फक्त दुरुस्ती बाजूला ठेवा आणि टेस्ट चालवा. कधीच फेल न झालेली टेस्ट काय तपासते, याचा भरवसा देता येत नाही.
4. एका टेस्टमध्ये एकच वागणूक तपासा. नाव असं द्या, की फेल झाल्यावर ते वाचूनच काय बिघडलं ते कळेल.
5. पुल रिक्वेस्टच्या वर्णनात लिहा : कोणती टेस्ट, आधी काय निकाल, नंतर काय.

टेस्ट लिहिणं जमत नसेल, तर काय इनपुट दिलं, काय अपेक्षित होतं आणि काय मिळालं, या तीन गोष्टी लिहा. त्यावरून दुसरा कोणीही टेस्ट लिहू शकतो.

मराठी वाचकांच्या हाती असलेल्या टेस्ट

मजकूर, आकडे आणि तारखा हाताळणाऱ्या प्रकल्पांत मराठी माणूस अशा टेस्ट देऊ शकतो, ज्या इतरांना सहसा सुचत नाहीत. काही इनपुट देतो.

- देवनागरी अंक : पायथनमध्ये '१२३'चा पूर्णांक 123 होतो, जावास्क्रिप्टमध्ये तसं होत नाही. फॉर्ममध्ये मराठी अंक टाकल्यावर काय घडतं ते तपासा.
- लाख-कोटींचे स्वल्पविराम : 12,34,567 ही संख्या वाचता येते का? दाखवताना ती 1,234,567 तर होत नाही?
- अर्धा र : 'दऱ्या' हा शब्द दोन प्रकारे टंकलिखित होतो. त्यातल्या एका प्रकारात न दिसणारं एक जोडचिन्ह असतं. अनावश्यक चिन्हं साफ करणाऱ्या कोडने ते काढलं, तर 'दऱ्या'चा 'दर्या' होतो.
- ॲ : हे अक्षर एकाच कोडने लिहिता येतं, किंवा 'अ'वर चंद्र देऊनही. दिसायला दोन्ही सारखी, पण संगणकाच्या लेखी वेगळी. युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरणही त्यांना एक करत नाही. शोधात दोन्ही रूपं सापडतात का?
- लांबी मोजणं आणि कापणं : 'नमस्ते' या शब्दात युनिकोडचे सहा घटक आहेत. नाव ठरावीक लांबीला कापणारा कोड जोडाक्षर मध्येच तोडतो का?

मूळ कोडची एकही ओळ न बदलता, फक्त अशा टेस्ट पाठवूनही तुम्ही एखाद्या मोठ्या प्रकल्पात योगदान देऊ शकता.

अडखळण्याच्या जागा

- टक्केवारीचा हट्ट : टेस्टने कोडच्या किती ओळी चालवल्या, हा आकडा वाढवणं सोपं असतं. काहीही न तपासता नुसतं फंक्शन बोलावलं तरी तो वाढतो. आकडा पाहा, पण त्यावर पुल रिक्वेस्ट अडवू नका.
- कधी पास, कधी फेल : नेटवर्क, घड्याळ किंवा टेस्टचा क्रम यांवर अवलंबून असलेल्या टेस्ट नवोदितांना हाकलून लावतात. भारतातल्यांना यात एक खास त्रास आहे. आपली वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे असल्याने मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत दोन्हीकडची तारीख वेगळी असते. 'आजची तारीख' तपासणारी टेस्ट त्या वेळात फेल होऊ शकते. अशा टेस्टमध्ये वेळ ठरवून द्या.
- जुनी टेस्ट बदलून पास करणं : पुल रिक्वेस्टमध्ये जुन्या टेस्टचं अपेक्षित उत्तर बदललेलं दिसलं, तर थांबा आणि कारण विचारा. कारण योग्य असेल, तर ते कमिटच्या संदेशात लिहायला सांगा.
- एआयने लिहिलेल्या टेस्ट : कोड आज जे करतो तेच बरोबर धरून अशा टेस्ट पटकन तयार होतात, बगसकट. कसोटी तीच ठेवा : दुरुस्ती काढल्यावर फेल होते का? पाठवणाऱ्याने प्रत्येक टेस्ट काय तपासते हे स्वतःच्या शब्दांत सांगायला हवं.
- ऑक्टोबरची गर्दी : ओपन सोर्स प्रकल्पांना पुल रिक्वेस्ट पाठवण्याचा हॅक्टोबरफेस्ट हा ऑक्टोबरमधला उपक्रम 2014पासून भरतो. निरुपयोगी पुल रिक्वेस्टचा लोंढा आल्यावर 2020मध्ये प्रकल्पांनी आपणहून सहभागी होण्याची पद्धत आली. तुम्ही सहभागी होणार असाल, तर वरच्या सहा पायऱ्या सप्टेंबरमध्येच पूर्ण करा.

तुमचे हक्क, तुमची जबाबदारी

- टेस्ट हाही कोडच : तिचा कॉपीराइट सहसा लिहिणाऱ्याकडे राहतो आणि प्रकल्पाच्या परवान्याखाली ती इतरांना वापरता येते. काही प्रकल्प 'साइन्ड-ऑफ-बाय' ही ओळ मागतात. हा कोड देण्याचा आपल्याला अधिकार आहे, एवढं तुम्ही त्यातून सांगता. काही प्रकल्प वेगळा करार मागतात. त्यात तुम्ही जास्तीचे हक्क देत असू शकता, म्हणून वाचूनच सही करा.
- नोकरीत असाल तर : भारताच्या कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 17 नुसार, नोकरीच्या कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडचा पहिला मालक नियोक्ता असतो, वेगळा करार नसेल तर. कामाच्या वेळेत लिहिलेली टेस्ट पाठवण्याआधी लेखी परवानगी घ्या.
- नमुन्याची माहिती : ग्राहकाची फाइल, खऱ्या माणसांची नावं, फोन नंबर टेस्टमध्ये कधीही घालू नका. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 मध्ये झाला आहे. शिवाय फाइल पुसली तरी ती गिटच्या इतिहासात राहते. माहिती बनावटच वापरा.
- श्रेय : तुमची टेस्ट घेतली गेली, तर कमिटमध्ये तुमचं नाव असावं. ते सुटलं असेल, तर निःसंकोच सांगा.
- नकार : परवाना खुला असला, तरी बदल स्वीकारण्याचं बंधन मेंटेनरवर नसतं. एसक्यूलाइटचा कोड सर्वांना खुला आहे, त्याच्या मूळ कोडच्या सुमारे 590 पट कोड टेस्टचा आहे, आणि तरीही तो प्रकल्प सहसा बाहेरचा कोड घेत नाही. तुमचा बदल नाकारला गेला, तर परवान्याच्या अटी पाळून स्वतःची प्रत चालवण्याचा हक्क तुम्हाला आहेच.

सुरुवात इथून करा

मेंटेनर असाल, तर या आठवड्यात प्रकल्प एका कोऱ्या संगणकावर उतरवा आणि फक्त तुमची माहितीपत्रकं वाचून टेस्ट चालवून पाहा. जिथे अडाल, तिथेच तुमचे योगदानकर्ते अडत आहेत. ती जागा आधी दुरुस्त करा, नियम नंतर लिहा. कोड पाठवणारे असाल, तर तुम्ही रोज वापरता त्या एखाद्या प्रकल्पातला उघडा असलेला एक बग निवडा आणि तो घडवून दाखवणारी एक टेस्ट पाठवा. दुरुस्ती दुसरा कोणी करेल. तुमच्या टेस्टमुळे ती दुरुस्ती टिकेल.